स्लाव्हिक ‘तो’ची भानगड

स्लाव्हिक भाषांपैकी रशियन आणि पोलिशमधे ‘मी’ला ‘या’ म्हणतात पण बल्गेरियन लोक अजूनही ‘अझ’ म्हणतात, जुन्या चर्च स्लाव्हॉनिकच्या (सगळ्यात जुन्या लिखित स्लाव्हिक भाषेच्या) जवळचं, म्हणजे आपल्या संस्कृत ‘अहम्’चं लांबचं भावंडच. पण खरी मजा ‘तो’ची! त्यासाठीचं ‘ऑन’ हे मुळात लांबचं काही दाखवायचं सर्वनाम, आपल्या ‘तो’सारखंच, आणि विभक्ती लागली की रूपं येतात दुसऱ्याच सर्वनामाची, रशियनमधे ‘येवो’, ‘येमू’ वगैरे, त्यात आधी प्रिपोझिशन आलं की मधेच ‘न’ घुसतो, ‘स निम’ म्हणजे त्याच्यासोबत. हा ‘न’ खरंतर जुन्या प्रिपोझिशनची शेपटी, लोकांनी सर्वनामाला चिकटवली आणि मग काही संबंध नसलेल्या ‘उ’ (म्हणजे ‘-जवळ’) या प्रिपोझिशननंतरही लावली. स्लोव्हेनियनमधे तर द्विवचन अजून जिवंत आहे, ‘आम्ही दोघं’ला ‘मिद्वा’, त्यातला ‘द्वा’ म्हणजे सरळ दोन :)