रेइश मागूशच्या तटावरून

रविवार, रात्र.

भाची परवाच दुबईहून आली. बुर्ज खलिफाच्या १२४ व्या मजल्यावरून काढलेले फोटो दाखवत होती. ते बघता बघता आई म्हणाली, "आपली पणजी अशी वरून कधी बघितलीच नाही गो मी."

म्हणून आज तिला रेइश मागूशच्या किल्ल्यावर नेलं. चढ फार नाही, पण आईचे गुडघे, तीनदा थांबलो. १९९३ पर्यंत इथे तुरुंग होता, त्यामुळे तिच्या वेळी इकडे फिरायला येणं कुणाच्या मनातही नसायचं.

वर पोचलो आणि ती तटाला हात टेकून उभी राहिली. चिरा अजून तापलेला होता. समोर मांडवी, पलीकडे कांपालची झाडं, उजवीकडे मिरामार आणि समुद्र, डावीकडे आल्तिनोचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी दाटलेली पणजी. जुनं सचिवालय, म्हणजे आदिलशहाचा राजवाडा, मी कितीतरी वेळ शोधत होते. कॅसिनोच्या बोटी मात्र न शोधता दिसतात. नदीच्या ऐन मध्यावर त्यांना असं ठाण मांडून बसलेलं बघितलं की मला खरंच वाईट वाटतं.

आईचं लक्ष पुलांकडे होतं. आता तीन आहेत, २०१९ चा अटल सेतू सगळ्यांत उंच. पण ती बघत होती तो पूल आज तिथे नाही. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा जुना पूल कोसळला, तेव्हा ती पणजीत नोकरीला होती आणि आम्ही नदीच्या अलीकडे, बेतीला राहायचो. ऐन पावसाळा, नदी गढूळ, फुगलेली. फेरीबोटीत एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने कठडा, आणि डबा भिजू नये म्हणून रेनकोटाच्या आत पोटाशी धरलेला. नवा पूल यायला १९९२ उजाडलं. मी तेव्हा लहान. आई उशिरा येते एवढंच मला कळायचं, आणि त्यावरून मी तिच्याशी कट्टी घ्यायचे.

"पळय, थंय," तिने बोट केलं. "पूल मोडल्यावर तिथे नुसतं आभाळ दिसायचं."

मी तिचा हात धरला. तेवढ्यात बेतीहून एक फेरीबोट सुटली. ती पलीकडे धक्क्याला लागेपर्यंत आई जागची हलली नाही.