तेलाची वाटी

नातीसाठी घरी जे काय काय आलं, त्यात काळ्या-पांढऱ्या चित्रांची कार्डंही होती. खोक्यावर लिहिलं होतं, ‘बाळाची स्मरणशक्ती वाढवा’. कार्ड दाखवलं की नात मोठ्ठी जांभई देते. मात्र सकाळी स्वयंपाकघरात तेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात टेकली, ‘टण्’ झालं, की पाळण्यात दोन्ही पाय सायकल मारायला लागतात. आवाज तो केवढासा! कुकर, मिक्सर, दारावरची बेल यांतलं काहीही तिच्या खिजगणतीत नसतं.

सहा महिन्यांच्या जिवाला हे कुणी शिकवायला गेलं नव्हतं. रोज तेच, त्याच क्रमाने होतं, एवढंच. मालिशवाल्या मावशी येतात, पाय लांब करून बसतात, नडग्यांवर बाळ आडवं घेतात आणि डाव्या पायापासून सुरुवात करतात. मध्यंतरी त्या गावी गेल्या तेव्हा बदली बाई आल्या. हात चांगला होता त्यांचा, पण त्यांनी पहिलं तेल छातीला लावलं. नातीने घर डोक्यावर घेतलं. क्रम चुकला म्हणून, की बांगड्यांचा आवाज वेगळा होता म्हणून, ते तिलाच ठाऊक.

पाय झाडण्यावरून आठवलं. तान्ह्या बाळांच्या स्मृतीचा सगळ्यात गाजलेला प्रयोग असाच घरात जन्माला आला. अमेरिकेत कॅरोलिन रोवी-कोलियर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचं बाळ रडून रडून हैराण करायचं आणि त्यांना तर अभ्यास करायचा होता. त्यांनी पाळण्यावरच्या चिमणाळ्याला एक पट्टी बांधली आणि तिचं दुसरं टोक बाळाच्या पायाला. पाय हलला की चिमणाळं हलतं. बाळ खूश, आई मोकळी. मग त्यांच्या लक्षात आलं की नुसतं चिमणाळं दिसलं तरी हा पाय झाडायला लागतो. पुढे त्यांनी याच युक्तीने कितीतरी बाळं तपासली. दोन महिन्यांच्या बाळाला ही गंमत एक-दोन दिवस लक्षात राहते, तीन महिन्यांच्या बाळाला आठवडाभर, सहा महिन्यांच्या बाळाला दोन आठवडे. मला जास्त आवडलं ते पुढचं. बाळ विसरलं, तरी हलतं चिमणाळं त्याला नुसतं थोडा वेळ दाखवायचं. दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा सुरू! म्हणजे विसरलेलं पुसलं गेलेलं नसतं, आठवण करून द्यायला कुणीतरी लागतं. रोज वाटी ठेवणारं कुणीतरी.

जावईबापूंना हे पटत नाही. त्यांना वाटतं, बाळाला रोज नवं काही दाखवावं. तळहातावर मोर बसवायचा, त्याला चारा घालायचा आणि शेवटी भुर्रकन उडवायचा, हा खेळ मी दिवसातून कितीदा खेळते ते बघून ते म्हणाले, “आई, ती कंटाळत नाही का?” कंटाळतो आपण. तिचं बघावं तर मोर उडायच्या आधीच ती श्वास रोखून वर बघायला लागते. मी मुद्दाम थांबले, की माझ्या तोंडाकडे बघते. पुढे काय होणार हे पक्कं माहीत असण्यातच तिची मजा आहे.

दुपट्यांचंही तसंच. आईच्या जुन्या सुती साडीचं दुपटं असलं की पोर गुमान झोपते, दुकानातल्या मऊशार ब्लँकेटात कुरकुरते. जेमतेम आठवड्याचं बाळसुद्धा आपल्या आईच्या दुधाचा वास ओळखून तिकडे मान वळवतं, हे १९७५ मध्येच प्रयोगाने दिसलं होतं. आपल्या आज्यांनी तेव्हा दुपटी शिवताना साडी वाया जाऊ नये एवढाच विचार केला असणार. उगाच त्यांना शास्त्रज्ञ करायला नको. त्यांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही: नाका-कानात तेल सोडणं आणि कोंडलेल्या खोलीत धुरी देणं आमच्या डॉक्टरांनी बंद करायला लावलं, ते बरंच केलं.

न्हाऊन झाल्यावरची झोप मात्र मी कुणाला मोडू देत नाही. जर्मनीत २०१५ मध्ये सहा आणि बारा महिन्यांच्या बाळांना हातातल्या बाहुल्याचा हातमोजा काढायची कृती दाखवली. त्यानंतर चार तासांच्या आत ज्यांची निदान अर्धा तास सलग झोप झाली, त्यांनाच ती लक्षात राहिली. नेमक्या त्या वेळी व्हिडिओ कॉल करणाऱ्या मावस-चुलत मंडळींना हे मी ऐकवून दाखवते.

एवढं करून मोठेपणी तिला यातलं काही आठवणार नाही. साधारण तीन वर्षांआधीचं आपल्यापैकी बहुतेकांना आठवत नाही. लेक म्हणते, “म्हणून तर मी शूट करून ठेवते.” मावशींना मोबाइलची गरज नाही. त्यांनी माझ्या लेकीलाही याच नडग्यांवर घेतलं होतं. परवा तेल चोळता चोळता म्हणाल्या, “वहिनी, ही बरी हो. हिची आई पाणी बघितलं की आधी माझ्या लुगड्यावर शू करायची.”

लेकीने रेकॉर्डिंग बंद केलं.