समुद्राकडे तोंड केलेली बाल्कनी

कोकणात घर घेण्याआधी ते इंजिनिअरला दाखवून घ्यावे असे वाटणारी माणसे अजून थोडीच आहेत. बहुतेकांची आमच्याशी गाठ पडते ती स्लॅबचे पापुद्रे जेवणाच्या टेबलावर पडू लागल्यावर. त्यामुळे पुण्याच्या एका निवृत्त दांपत्याचा फोन इसार देण्यापूर्वीच आला, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या एका गावात, भरतीच्या रेषेपासून अडीचशे-तीनशे मीटरवर, सात वर्षांपूर्वी बांधलेला एक दुमजली बंगला त्यांनी डिसेंबरात पाहिला होता आणि पुण्यातला फ्लॅट विकून कायमचे तिकडे राहायला जायचे असे त्यांचे ठरत आले होते. डिसेंबरात कोकणातले कुठलेही घर चांगले दिसते. हवा कोरडी असते, भिंती वाळलेल्या असतात आणि विक्रीला काढलेल्या घराला रंग हमखास नवा असतो.

त्या घराची तपासणी झाली, निष्कर्ष निघाला, अहवाल दिला. इथपर्यंतचे काम नेहमीचे होते. त्यानंतर त्या घराचे जे झाले ते मात्र डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

तपासणीला मी मार्चमध्ये गेलो. विकणारे गृहस्थ मुंबईचे होते, पण हजर होता तो त्यांचा स्थानिक एजंट. “साहेब, निसर्ग वादळ झेललंय या घराने, एक काच फुटली नाही,” हे त्याने फाटकातच सांगितले. 3 जून 2020 रोजी ते वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा दापोली-मंडणगड पट्ट्यात हजारो छपरांचे पत्रे उडाले, माड-पोफळी मोडल्या आणि कौलारू घरे उघडी पडली. पण वारा परीक्षा घेतो ती पत्र्यांची, कौलांची, खिडक्यांची. सिमेंट-काँक्रीटच्या घराला किनाऱ्यावर खरा धोका असतो तो मिठाचा, आणि मीठ रात्रंदिवस, बारा महिने, आवाज न करता काम करते. वादळात टिकले म्हणून घर पक्के, हा समज विकणाऱ्यांनी इतका पसरवला आहे की ग्राहकही आता तेच वाक्य आम्हाला ऐकवतात.

घरात शिरण्याआधी मी बाहेरून एक फेरी मारतो आणि लोखंड पाहतो. पश्चिमेच्या खिडक्यांचे गज, गेटच्या बिजागऱ्या, पाण्याच्या टाकीची शिडी यांच्यावरचा गंज त्या जागेवर खारी हवा किती पोहोचते ते सांगतो. इथे स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगवरही तांबूस ठिपके होते, कारण ते 304 प्रतीचे होते. समुद्राजवळ 316 लागते, ज्यात मॉलिब्डेनम असते आणि ते मिठाला अधिक काळ दाद देत नाही. दुकानात दोन्ही सारखीच चकाकतात. छज्ज्यांच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच कुठेच ठेवलेली नव्हती, त्यामुळे पावसाचे पाणी कडेवरून मागे वळून भिंतीपर्यंत जात असणार हे उघड होते. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे बोटभर रुंदीची ही खाच चुकवणे हा आळस आहे, बचत नव्हे.

आतली पहिली तपासणी मी मुद्दाम दिवेलागणीपर्यंत लांबवतो. खोलीतले दिवे बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरली की पुट्टीखाली लपवलेले सगळे वर येते. बैठकीच्या खोलीतल्या समुद्राकडच्या दोन कॉलमांवर, कोपऱ्यापासून चार बोटे आत, जमिनीपासून कमरेपर्यंत एक उभी फुगीर रेघ दिसली. उजेड सरळ पडला तर ती दिसत नव्हती. उजेड आडवा पडला की तिची सावली उमटत होती. गिलाव्याची भेग सहसा वेडीवाकडी जाते, इतकी सरळ आणि नेमकी सळईच्या रेषेत जात नाही. आत सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, काँक्रीट आतून फाटते आणि भेग सळईच्या मार्गाने वर येते. कुणीतरी ती भेग भरली होती, घासली होती आणि वर दोन हात रंग दिला होता. हे काम ज्याने केले त्याला ते काय लपवतो आहे हे ठाऊक होते, असे माझे मत आहे आणि ते मी अहवालातही सौम्य शब्दांत लिहिले.

आता थोडे कव्हरविषयी, कारण किनाऱ्यावरच्या घराचे आयुष्य बहुतांशी याच एका गोष्टीवर ठरते आणि घर पाहायला येणारा कुणीही तिची चौकशी करत नाही. कव्हर म्हणजे सळईवर असलेल्या काँक्रीटच्या थराची जाडी. भारतीय मानक 456 (2000 सालची आवृत्ती) किनारपट्टीच्या वातावरणाला ‘सिव्हिअर’ म्हणजे तीव्र गटात धरते आणि तिथे 45 मिलिमीटर कव्हर व किमान एम-30 प्रतीचे (आकडा मोठा तितके काँक्रीट मजबूत) काँक्रीट सांगते. समुद्राचे तुषार थेट येत असतील तर 50 मिलिमीटर आणि एम-35. पुण्यात घराच्या आत 20 ते 30 मिलिमीटर चालते. माझ्या पाहण्यात आलेल्या किनाऱ्यावरच्या कित्येक बंगल्यांची ड्रॉइंगे शहरातल्या ऑफिसात जुन्या ड्रॉइंगवरून उतरवलेली असतात, वर एम-20 आणि 25 मिलिमीटर कव्हर तसेच राहिलेले असते, आणि सही करणाऱ्याने ती जागा एकदाही पाहिलेली नसते. माझ्याच व्यवसायातल्या माणसांविषयी हे लिहिताना वाईट वाटते, पण ते खरे आहे. या घराच्या ड्रॉइंगवरही 25 होते. कव्हरमीटरने मोजले तर कॉलमांत 12 ते 18 मिलिमीटर भरले. म्हणजे चुकीच्या ड्रॉइंगइतकेही काम झालेले नव्हते. सळई साच्यापासून ठरावीक अंतरावर धरणाऱ्या ठोकळ्यांऐवजी, म्हणजे कव्हर ब्लॉकऐवजी, खडीचे तुकडे लावले की असेच होते, कारण काँक्रीट बसवणारा व्हायब्रेटर फिरला की ते निसटतात.

एजंटाने मालकांना फोन करून परवानगी घेतल्यावर एका कॉलमची ती भरलेली भेग थोडी उघडली. फुटलेल्या ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण मारले की जिथे काँक्रीटचा अल्कधर्म शिल्लक आहे तिथे ते गुलाबी-जांभळे होते आणि जिथे तो संपला आहे तिथे रंगच येत नाही. इथे गुलाबी रंग सळईच्याही मागे सुरू होत होता. हा अल्कधर्मच सळईला गंजापासून राखतो, त्यामुळे सळई उघड्यावरच पडल्यासारखी होती. सळईला तार जोडून हाफ-सेल पोटेन्शियल, म्हणजे गंजाचा अंदाज देणारा विजेचा दाब, मोजला, तेव्हा कित्येक ठिकाणी आकडे उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे गेले. ही मर्यादा ओलांडली की गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक धरतात. सळईलगतची भुकटी प्रयोगशाळेत पाठवली. प्रबलित काँक्रीटच्या एका घनमीटरमध्ये क्लोराइड, म्हणजे मिठातला सळई गंजवणारा घटक, 0.6 किलोपेक्षा जास्त नसावे असे मानक सांगते. इथे ते दुपटीहून अधिक निघाले. नुसत्या खाऱ्या हवेने सात वर्षांत इतके मीठ त्या खोलीपर्यंत जाईल हे पटत नव्हते. उत्तर भुकटी गोळा करतानाच हातात आले होते: काँक्रीटच्या खपलीत शिंपल्याचा नखाएवढा पांढरा तुकडा होता.

ज्या गवंड्याने काम केले तो शेजारच्याच वाडीतला निघाला. चिऱ्याचे बांधकाम त्याच्यासारखे करणारी माणसे आता फार राहिलेली नाहीत. कंपाउंडच्या भिंतीचे सांधे मी पाहिले होते, ते सुरेख होते. त्याने काहीही लपवले नाही. “वाळू खाडीचीच हो साहेब, दुसरी आणणार कुठनं? धुवायची तर गोडं पाणी पाहिजे. विहीर मचूळ. ठेकेदार म्हणाला, चालतंय.” खाडीची वाळू धुऊन वापरायची किंवा काळ्या दगडाची क्रश सँड आणायची, हे ठेकेदाराला माहीत नव्हते असे नाही. दोन्हींना पैसे लागतात आणि घेणाऱ्याला फरशीचा रंग दिसतो, वाळू दिसत नाही.

हे सगळे गंभीर असले तरी दुरुस्त होण्यासारखे होते. खर्च मोठा, पण मार्ग होता. माझी झोप उडवली ती वरच्या बाल्कनीने.

समुद्राच्या बाजूला पाच फूट बाहेर काढलेली, खाली आधार नसलेली बाल्कनी. याच बाल्कनीमुळे त्या दोघांना घर आवडले होते. तिची खालची बाजू स्वच्छ होती, एक चीर नाही, आणि घर घेणारे नेमकी तीच बाजू मान वर करून पाहतात. पण अशा स्लॅबमध्ये ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वरच असते. तिथे भेग पडली तर ती भिंतीलगत, वरून पडते आणि फरशीखाली झाकली जाते. भिंतीलगतची एक टाइल पोकळ वाजत होती, ती उचलली. खालचा मसाला काढल्यावर काँक्रीटमध्ये भिंतीला समांतर, बाल्कनीच्या पूर्ण लांबीत जाणारी भेग दिसली, तिच्यात पोस्टकार्ड सहज शिरले असते. 125 मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये वरच्या सळया वरच्या पृष्ठभागापासून तब्बल 70 मिलिमीटर खाली सापडल्या. स्लॅब ओतताना खाली चेअर, म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे सळईचे आधार, ठेवल्या नाहीत, घमेली घेऊन माणसे जाळीवरून चालली आणि जाळी दबली, इतके साधे कारण. स्लॅबच्या तळापासून सळईपर्यंतचे अंतर जितके धरून हिशेब केला असेल त्याच्या जेमतेम निम्मे उरले होते, म्हणजे ताकदही साधारण तितकीच. त्यातून भेगेत पाणी आणि पाण्यात मीठ. अशी बाल्कनी वाकून इशारा देईलच याची खात्री नसते.

त्याच संध्याकाळी मी एजंटाला तिथे कुणालाही न जाऊ देण्याविषयी सांगितले. त्याने मान डोलावली. अहवालात मी घर घेऊ नये असे स्पष्ट लिहिले आणि ते का, हे काकूंना फोनवर तासभर समजावले. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी वहीत लिहून घेतले आणि नेमके विचारायला हवेत तेच प्रश्न विचारले. काकांचा प्रश्न वेगळा होता: “ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर घर आहे, मग सरकारने पाहिलेलेच असणार ना?” उतारा कर आकारणीसाठी असतो. तो ना बांधकामाची परवानगी सिद्ध करतो, ना भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आतल्या बांधकामाला लागणारी सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) मंजुरी, आणि बांधकामाच्या दर्जाशी तर त्याचा काही संबंध नाही. चांगली शिकलेली माणसे आयुष्यभराची पुंजी या एका कागदावर ठेवतात, हे मी वारंवार पाहतो. त्यांनी व्यवहार सोडला. आता ती दोघे त्याच तालुक्यात एका जुन्या चिऱ्याच्या घरात भाड्याने राहतात. त्याच्या वाशांना वाळवी आहे आणि कौले दरवर्षी चाळावी लागतात, पण भिंतींत गंजण्यासारखे काही नाही.

दिवाळीच्या सुमारास त्या रस्त्याने जात असताना बंगल्याला परांची लावलेली दिसली. टाइल बसवली होती, कॉलम पुन्हा भरले होते, रंग चालू होता. एजंटाने आनंदाने सांगितले की घर गेले, नवे मालक होमस्टे करणार आहेत. पर्यटक कुठे उभे राहणार हे मला विचारावे लागले नाही.

अहवाल ग्राहकाचा असतो. त्याने पैसे मोजलेले असतात आणि त्याच्या परवानगीशिवाय तो तिसऱ्याला दाखवू नये हा आमच्या धंद्याचा रास्त नियम आहे, कारण तो नसेल तर कुणी आम्हाला घर उघडून दाखवणार नाही. परंतु घर जिथल्या तिथे राहते आणि दोष त्याच्याबरोबर राहतो. वाहनाची नोंद एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते, घराच्या तपासणीची जात नाही. मी काकांकडे संपूर्ण अहवाल नव्या मालकांना देण्याची परवानगी मागितली. विकणारा कोर्टात ओढेल या भीतीने त्यांनी नकार दिला, आणि त्यांना दोष देता येत नाही. बाल्कनीविषयीचे एक पान तेवढे द्यायला काकूंनी त्यांना राजी केले. ते मी जुन्या मालकाला, नव्या मालकाला आणि ग्रामपंचायतीला रजिस्टर पोस्टाने पाठवले. ग्रामसेवकांनी पत्र घेतले, पोच दिली आणि प्रामाणिकपणे सांगितले की असे पत्र घेऊन पुढे काय करायचे याचा त्यांच्याकडे काही मार्ग नाही.

नव्या मालकांचा फोन आला. आवाज सभ्य होता. “तुमचा यात काय संबंध?” हा पहिला प्रश्न, “दुरुस्तीला किती येईल?” हा दुसरा. मी त्यांना म्हटले की माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुमचा इंजिनिअर आणा आणि भिंतीलगतची एकच टाइल उचलून पाहा. तोवर बाल्कनीचे दार बंद ठेवा आणि बाहेरच्या कडेखाली टेकू लावा. टेकूंची जागा दाखवणारे रेखाचित्र त्याच दिवशी पाठवले, त्याचे पैसे घेतले नाहीत. सीझन संपल्यावर बघू, असे ते म्हणाले.

तेव्हापासून माझ्या नेमणूकपत्रात एक कलम आहे: जिवाला धोका पोहोचेल असा दोष आढळल्यास तो घर वापरणाऱ्या कुणालाही कळवण्याची मोकळीक इंजिनिअरला राहील. ते वाचून काही ग्राहक माघारी गेले आहेत आणि कलम काढा असे माझे काही सहकारी सांगतात. मी ते काढलेले नाही. नव्या मालकांना दुसरे पत्र गेल्या आठवड्यात पाठवले आहे आणि या वेळी प्रत तहसील कार्यालयालाही दिली आहे.