तिकिटाखालचा बारा

आमच्या साहेबांचं एक लाडकं वाक्य आहे: बिस्किटाच्या डब्यातून येतं ते नव्वद टक्के कचरा आणि दहा टक्के कटकट. त्या मंगळवारी कटकट आली.

मी जर्मनीतल्या एका लिलावघरात जुनी तिकिटं आणि पत्रं तपासून कॅटलॉगसाठी त्यांची वर्णनं लिहिते. ऐकणाऱ्याला वाटतं, ही रोज खजिना हाताळत असणार. मी हाताळते ते वारलेल्या नवऱ्यांचे अल्बम. बायका घेऊन येतात, मुली येतात, क्वचित सुना. एका माणसानं चाळीस वर्षं जमवलेलं ओझं टेबलावर येतं आणि त्याची किंमत ते आणायच्या भाड्याइतकीच आहे, हे सांगायचं काम माझं. आधी कॉफी, मग आकडा, हा क्रम मी कधी मोडत नाही.

हे आजोबा मात्र स्वतःचंच घेऊन आले होते. ऐंशीच्या आसपासचे, रेल्वेतून निवृत्त, इस्त्रीचा शर्ट. डब्यात स्पंज, स्पंजात प्लॅस्टिकचं कव्हर आणि त्यात एक घडीचं पत्र. पाकीट नव्हे. तेव्हा कागदालाच घड्या घालून, लाखेनं चिकटवून, बाहेरच्या बाजूला पत्ता लिहीत. फ्रँकफर्टहून म्युनिकला गेलेलं. वर नारिंगी रंगाचं ३० क्रॉयत्सरचं (हे तिथलं जुनं नाणं) तिकीट आणि त्यावर एकात एक चार वर्तुळांचा शिक्का, मध्ये २२० हा आकडा. २२० म्हणजे फ्रँकफर्ट. बाजूला गावाच्या नावाचा तारखेचा शिक्का: २० नोव्हेंबर. साल नाही. त्या काळच्या कितीतरी शिक्क्यांवर सालच नसायचं, आणि आमच्या धंद्यातली अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

आजोबांच्या वडिलांनी हे सत्तरच्या दशकात एका फिरत्या व्यापाऱ्याकडून महिन्याभराच्या पगारात घेतलं होतं. सोबत टाइप केलेलं प्रमाणपत्रही होतं, खाली जिची सही होती ती व्यक्ती मी कधी ऐकलेली नाही. घर गरम ठेवायला हीट पंप बसवायचा आहे, म्हणाले. याच्यात होईल ना?

हे तिकीट थुर्न उंट टाक्सिस यांच्या टपालाचं. मधला 'उंट' म्हणजे 'आणि'. आईला हे नाव फोनवर सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न उंटाचाच विचारला होता. हा देश नव्हे, घराणं आहे. मूळचे इटलीत बेर्गामोजवळच्या कोर्नेल्लो गावचे तास्सो. १४९० मध्ये त्यांनी हॅब्सबुर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियन राजासाठी इन्सब्रुकपासून नेदरलँड्सपर्यंत घोडेस्वारांची साखळी बसवली. १५०५ च्या करारात तर ब्रसेल्स ते इन्सब्रुक उन्हाळ्यात साडेपाच दिवस आणि हिवाळ्यात साडेसहा, असं लिहूनच दिलं. १६१५ मध्ये टपालप्रमुखाचं पद वंशपरंपरागत झालं, १६९५ मध्ये घराणं 'राजपुत्र' झालं. (टॅक्सी हा शब्द यांच्या नावावरून आला असं गाइड मंडळी ठोकून देतात. तो टॅक्सीमीटरवरून आलाय.)

आमच्या टेबलावरचं तिकीट ज्याच्या अमदानीतलं तो माक्सिमिलियन कार्ल. १८०२ चा जन्म, चोविसाव्या वर्षी वडील गेले आणि धंदा अंगावर पडला. लगेच १८२८ मध्ये त्यानं विल्हेल्मीने फॉन ड्योर्नबेर्ग या आपल्यापेक्षा खालच्या दर्जाच्या, प्रॉटेस्टंट घरातल्या मुलीशी लग्न केलं. सात वर्षांत ती गेली. मग त्यानं रेगेन्सबुर्गच्या राहत्या वाड्यात घराण्यासाठी समाधीचं प्रार्थनाघर बांधायला घेतलं. राजपुत्र म्हटलं की आपल्याला शिकार आणि मेजवान्या दिसतात. मला या माणसात ठेकेदार जास्त दिसतो. स्वतःचं राज्य नाही, पण डझनावारी छोट्या राज्यांमधून टपाल चालवायचं. प्रत्येकाशी वेगळा करार आणि प्रत्येकाची वेगळी कुरकुर. १८५१ मध्ये वुर्टेम्बर्गनं आपलं टपाल काढून घेतलं. लगेच १ जानेवारी १८५२ ला यानं तिकिटं काढली, तीही दोन जातींची, कारण चलनं दोन. उत्तरेकडे सिल्बरग्रोशन, आकडा चौकोनात. दक्षिणेकडे क्रॉयत्सर, आकडा वर्तुळात. चेहरा कुणाचाच नाही.

गंमत म्हणजे हा राहायचा रेगेन्सबुर्गला, म्हणजे बव्हेरियात, आणि बव्हेरियानं १८०८ पासूनच आपलं टपाल सरकारी केलेलं. म्हणजे घरासमोरच्या पोस्टात पत्र टाकायचं तर याचं स्वतःचं तिकीट तिथं चालायचं नाही! कचेरी फ्रँकफर्टला होती. तिथल्या घराण्याच्या वाड्यात जर्मन संघाची, म्हणजे जर्मन राज्यांच्या संघटनेची, सभा भाडेकरू म्हणून भरायची. १८५१ ते १८५९ प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून बिस्मार्क तिथंच बसायचा, आणि हे टपालवाले आपली पत्रं फोडतात असा त्याला दाट संशय होता. मालकाच्या वाड्यात बसून मालकावर दात धरून. १८६६ च्या जुलैत प्रशियाचं सैन्य फ्रँकफर्टमध्ये शिरलं, त्यापाठोपाठ टपालाच्या कचेरीवर हाइनरिश श्टेफान नावाचा अधिकारी येऊन बसला. पुढं जागतिक टपाल संघ उभा करणारा तो हाच. २८ जानेवारी १८६७ ला करार झाला: ३० लाख थालर घ्या आणि घोडे, कचेऱ्या, माणसं सगळं द्या. हस्तांतराचा दिवस १ जुलै. त्याच्या पाच दिवस आधी, २६ जूनला, माक्सिमिलियन कार्लचा थोरला मुलगा गेला. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी सिसी हिची बहीण हेलेने हिचा नवरा. एका आठवड्यात वारसही गेला आणि वारसाला द्यायचा धंदाही. कॅटलॉगमध्ये हे कुठं लिहायची सोय नाही. तिथं एवढंच असतं: '३०.६.१८६७ पर्यंत वैध'.

आणि आमची खरी डोकेदुखी या ओळीतूनच जन्मली. १ जुलैला कपाटांत न वापरलेल्या तिकिटांचे गठ्ठे पडून होते. ते पुढं व्यापाऱ्यांच्या हाती गेले. म्हणून या घराण्याच्या तिकिटांत जगरहाटीच्या उलटा प्रकार आहे: कोरं तिकीट स्वस्त आणि शिक्का पडलेलं महाग. ३० क्रॉयत्सरचं तर विचारूच नका. कोरं कुणीही घेईल. वापरलेलं त्याच्या कितीतरी पट. आणि पत्रावर शाबूत असेल तर लिलावात खुर्च्या सरकतात. आता तुम्हीच सांगा, ज्याच्याकडे खरं कोरं तिकीट आहे आणि कोरलेला एक रबरी शिक्का आहे, तो रात्री काय करेल?

म्हणून मी आधी शिक्का बघत नाही, पत्राचा हिशेब बघते. १८५० च्या जर्मन-ऑस्ट्रियन टपाल संघाचे दर मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. एका लोटपर्यंतच्या (लोट म्हणजे वजनाचं जुनं माप) पत्राला १० मैलांपर्यंत ३ क्रॉयत्सर, २० पर्यंत ६, त्यापुढं कितीही लांब असो, ९. मैल जर्मन, साडेसात किलोमीटरचा. फ्रँकफर्ट ते म्युनिक तीनशे किलोमीटर, म्हणजे ९. पत्र जड असेल तर नवाचा पाढा म्हणा: ९, १८, २७, ३६. तीस येत नाही. रजिस्टर केलं असेल तर ६ वाढवा: १५, २४, ३३. तरी येत नाही. आणि हातातलं पत्र तर एका पातळ कागदाचं.

तिकिटाच्या उजव्या कडेला लागून शाईनं काढलेला एक मोठा २ दिसत होता. पत्र खालून उजेड देणाऱ्या काचेवर ठेवलं. तिकिटाच्या नारिंगी अंगातून एक उभी, जाड, जराशी तिरकी रेघ वर आली. एक. म्हणजे १२.

हा बारा टपाल कारकुनाच्या हातचा. पत्र पैसे न भरता टाकलं तर ९ च्या वर ३ जादा, आणि ते बारा घेणाऱ्याकडून वसूल करायचे म्हणून आकडा पुढच्या बाजूला ठळक लिहायचा. आपल्याकडे ज्याला नॉटपेड म्हणायचे, तेच हे. नॉटपेड पत्राला तिकीट नसतं. तिकीट कमी पडलं असतं तर ते वजा करून उरलेले मागितले असते. तीस लावलेल्याकडून बारा कोण मागेल? मग शिक्क्याकडे वळले. तिकिटाची कड कागदापासून केसभर उंच असते, त्यामुळे खरा शिक्का आपटला की त्या पायरीशी शाई थोडी तुटते. इथं चारही वर्तुळं तिकिटावरून कागदावर अशी उतरली होती, जणू मध्ये पायरीच नाही. कुणीतरी बारीक कुंचल्यानं सांधा जुळवला होता. हात चांगला होता, तेवढं मान्य.

एवढं पुरे होतं. पण साल हवं होतं. पत्राच्या आतल्या बाजूला वरचा कोपरा फाटलेला, नेमका सालाचा. मजकूर कुरेंट लिपीत, म्हणजे जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या वळणात. आजच्या बहुतेक जर्मनांना ती वाचता येत नाही. आमच्या ऑफिसात मी आणि एक निवृत्तीला आलेले गृहस्थ सोडले तर सगळे ती पुढं करून म्हणतात, बघ ना जरा. माझे आजोबा जमिनीचे मोडी कागद वाचायचे. अक्षर अडलं की ओळ सोडायची नाही, पुढं जायचं, शब्द मागून येतो, हे त्यांचं. कुरेंटला तेच लागू पडतं. तिच्यात ए आणि एन ओळखायला जो वेळ लागतो तो मोडी वाचणाऱ्याला नवा नाही.

लिहिणारा कुठल्याशा दुकानात शिकाऊ पोरगा होता, म्युनिकला आईला लिहीत होता. थंडी, बूट, मालकाचं कुत्रं. आणि सहाव्या ओळीत: परवा माइन्त्समध्ये दारूखाना उडाला, इथं सगळे तेच बोलतायत. मी भिंग खाली ठेवलं. माइन्त्सचा दारूगोळ्याचा बुरूज उडाला तो १८ नोव्हेंबर १८५७ ला, दीडशेच्या आसपास माणसं मेली. शिक्का २० नोव्हेंबरचा. आणि ३० क्रॉयत्सरचं तिकीट निघालं १८५९ मध्ये.

खोटं सापडलं की या कामात जो एक आनंद होतो तो मला झाला, हे कबूल करते. साधारण चार मिनिटं टिकला. मग शेवटच्या ओळी वाचल्या. पोरगा आईची माफी मागत होता: पैसे नाहीत, पत्राचे तुलाच द्यावे लागतील.

आजोबा कॉफी पीत बसले होते. क्रम मोडला तो मी तिथं. आकडा सांगायच्या आधी त्यांना पत्र वाचून दाखवलं, सगळं. आधी वडिलांनी आणि मग यांनी, मिळून पन्नास वर्षं जपलं, पण आत काय लिहिलंय हे दोघांनाही माहीत नव्हतं. मग तिकिटाचं सांगितलं. ते चिडले नाहीत. माझ्याकडून काच मागून घेतली, स्वतः पत्र उजेडावर धरलं आणि तो एक बघत राहिले. म्हणाले, म्हणजे पत्र खरं आहे. मी म्हटलं, पत्र खरं आहे, शाई खरी आहे, तिकीटसुद्धा खरं आहे. फक्त त्यांची भेट खोटी. हे वाक्य फार शहाणपणाचं झालं असं मला बोलता बोलताच जाणवलं आणि लाज वाटली.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, मिश्र गठ्ठ्यात टाक, 'न तपासलेलं' असं लिही, घेणारा घेईल. असं आमच्या धंद्यात सर्रास चालतं आणि मला ते पटत नाही. जे तपासलंय त्याला न तपासलेलं कसं म्हणायचं? दुसरा मार्ग नियमाचा: परीक्षकाकडं पाठवायचं, तो मागं 'खोटं' असा शिक्का मारून देतो, पुन्हा बाजारात येत नाही. म्हणजे त्या पोराच्या पत्रावर तिसरा शिक्का. तिसरा मार्ग आजोबांनीच सुचवला: ओलं करून तिकीट काढून टाका. मी नको म्हटलं. खालची शाई किती धरून राहील सांगता येत नाही. पाणी लागलं आणि बारा फुटला तर जे एक खरं उरलंय तेही जाईल. शिवाय तिकीट काढलेल्या जागी डिंकाचा डाग राहतो, आणि डाग बघून उद्या कुणीतरी तिथं दुसरं लावेल.

आजोबांनी डबा नेला, पत्र ठेवून गेले. तुम्हाला वाचता येतं, म्हणाले. हीट पंपाचं काय, हे मी विचारलं नाही. पत्राचा पूर्ण मजकूर टाइप करून त्यांना पाठवायचं कबूल केलंय. एक शब्द अजून लागत नाही, मालकाच्या कुत्र्याचं नाव. पहिलं अक्षर एस असावं किंवा एच. पत्र माझ्या खणात आहे, लॉट नंबर दिलेला नाही, आणि साहेब दर सोमवारी विचारतात.