सराटा फोडणारी चोच

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. “गुरुजी, इथे रोही, म्हणजे नीलगाई, शेतात शिरतात, रानडुकरे हरभरा उकरतात, ते सोडून तुम्ही दूरच्या बेटावरच्या पाखरांचे काय सांगत बसता?” हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मला नेहमी विचारला जातो.

परवा धुऱ्यावरून येताना चपलेत रुतलेला सराटा मी काढला आणि पक्कडीने दाबला. पहिल्यांदा तो निसटला, दुसऱ्यांदा चिरला. आत तिळाएवढे दोन दाणे होते. याच सराट्याची एक भावंड-जात पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहामधील डॅफ्ने मेजर या बेटावर उगवते. ते बेट जेमतेम ३४ हेक्टरांचे, म्हणजे ८५ एकरांच्या आतले. आपल्या एखाद्या मोठ्या शिवारात सहज मावेल असे.

पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून तेथील फिंच या लहान, दाणे खाणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या चोची मोजल्या. १९७७ साली पाऊस दडी मारून बसला. तेथील मध्यम चोचीच्या जातीच्या फिंचांनी बारीक, मऊ बिया लवकरच संपवल्या. उरले ते मुख्यतः टणक दाणे आणि सराटे. या फिंचांतील ज्यांची चोच थोडी जाड होती तेच अधिक संख्येने तगले, आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी झाली.

पण १९८२ च्या सुमारास मोठ्या चोचीच्या फिंचांची दुसरी जात त्या बेटावर वस्तीला आली. सराटा फोडण्यात तिचा हात धरणारे तेथे कोणी नव्हते. २००३ आणि २००४ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा या मोठ्या फिंचांनी सराटे फस्त केले, आणि मध्यम जातीतील जाड चोचीचे पक्षी, जे १९७७ मध्ये वाचले असते, तेच उपाशी मेले. त्याच जातीतील लहान चोचीचे पक्षी बारीक बियांवर त्यांच्यापेक्षा बरे तगले. दुष्काळ तसाच, परिणाम मात्र नेमका उलटा. सराटे संपल्यावर मोठ्या जातीचेही बहुतेक पक्षी मेले, हे मला सर्वांत जिव्हारी लागते.

या सगळ्यात झटापट फारशी नाही. अन्नाची स्पर्धा म्हटले की आपल्याला शिंगाला शिंग भिडलेले दिसते. प्रत्यक्षात एकाने सकाळी खाल्लेला दाणा दुसऱ्याला संध्याकाळी सापडत नाही, एवढेच घडते. आपल्याकडे उपाशी पाखरू दुसऱ्या शिवारात उडून जाते, त्यामुळे कोणाचा घास कोणी घेतला हे कळत नाही. समुद्राने वेढलेल्या त्या ८५ एकरांत जवळजवळ प्रत्येक पक्ष्याचा हिशेब लागला, म्हणून मी मनाने तेथे पुन्हा पुन्हा जातो.

आणि म्हणूनच रोह्यांनी पीक उजाड केले, असे कोणी सांगत आले की मी आधी विचारतो, “रानातले गवत यंदा कोणी संपवले?”