आमची वाटचाल : गाण्याचा क्लास, चर्चचा हॉल आणि ब्रॉडवेची गाणी

आधीच सांगून टाकतो, मला गाता येत नाही. आमच्या स्टुडिओत शिकवते ती बायको, आणि बिलं, इन्शुरन्स, खुर्च्या, पार्किंग, पालकांचे फोन हे माझ्याकडे. कागदोपत्री कंपनीत (एलएलसी) आम्ही दोघं निम्मेनिम्मे, पण मुलांच्या लेखी ती मिस आणि मी खुर्च्यावाले अंकल, आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काही नाही.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, इथे भारतीय गाण्याच्या क्लासेसना तोटा नाही, एका गल्लीत तीन सापडतील. हिचाही तसाच एक होता, बेसमेंटमध्ये हार्मोनियम आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा. पुण्यात शास्त्रीय शिकलेली, इकडे आल्यावर कम्युनिटी कॉलेजात वेस्टर्न व्हॉइसचेही कोर्स केले होते पण ते तेव्हा नुसते हौसेचे. मुलं लहानपणी यायची, अलंकार घोटायची, दोन-चार भजनं बसायची आणि हायस्कूलला गेली की क्लास बंद. कारण अभ्यास असेल असं आम्हाला वाटायचं, तसं नव्हतं. इथल्या हायस्कुलात वसंतात म्युझिकल, म्हणजे संगीत नाटक, बसवतात, त्याच्या ऑडिशनला गाण्यातले फक्त 16 बार गायला देतात, म्हणजे तालाची सोळा छोटी आवर्तनं, जेमतेम अर्धा मिनिट, आणि त्या अर्ध्या मिनिटाची तयारी करून घेणारं कुणीतरी मुलांना हवं असायचं. एकीने सरळ विचारलं, मिस, तुम्ही हे शिकवता का? ही हो म्हणाली. आमचा खरा धंदा तिथून सुरू झाला.

घरच्यांना हे पटवणं सोपं नव्हतं. भारतातून फोन, एवढं शास्त्रीय शिकून आता इंग्रजी नाटकातली गाणी शिकवणार? त्यावर हिचं उत्तर ठरलेलं, आपण नाट्यसंगीत कशाला म्हणतो मग? 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगमंचावर आणलं तेव्हापासून आपल्याकडे लोक नाटकाला जातात ते पदं ऐकायला, आणि पदं नाटकातून सुटून मैफिलीत येऊन बसली. ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, गाण्यांचंही तेच, नाटक बंद पडतं आणि गाणं उरतं. गंमत म्हणजे 1943 ला, सांगलीच्या सीतास्वयंवरापासून मराठी रंगभूमीला शंभर वर्षं झाली तेव्हाच, न्यूयॉर्कला ओक्लाहोमा हे म्युझिकल आलं ज्याच्यापासून तिकडचे लोक आपला सुवर्णकाळ मोजतात, त्याचे 2,212 प्रयोग झाले. पण फरकही आहे आणि शिकवताना तोच महत्त्वाचा. आपल्याकडे वन्समोअर मिळाला की गायक नट तेच पद आलापी-ताना घेत वाढवत नेणार, पात्र बाजूला राहिलं तरी कुणी तक्रार करत नाही. शो ट्यूनमध्ये, म्हणजे म्युझिकलमधल्या गाण्यात, ते चालत नाही. त्या माणसाला त्या क्षणी काय हवंय आणि ते का मिळत नाहीये हे गाण्यात दिसलं पाहिजे, सूर कितीही गोड असला तरी. आमच्या शास्त्रीयवाल्या मुलांना हे फार जड जातं. डोळे मिटून गायची सवय, त्यांना ही पहिलं वाक्य सांगते, डोळे उघड, समोर कुणाशी बोलतेयस ते ठरव.

आवाजाचंही सगळं वेगळं. काळी चार पट्टीत सा लावून बसलेली मुलगी, तिला कळत नाही की इथे पट्टी तिच्या गळ्यावर नाही तर छापील कागदावर ठरते, आणि गाणं झेपत नसेल तर खाली घ्यायला तो कागद ट्रान्सपोज करून विकत घ्यावा लागतो. जुनी गाणी हेड व्हॉइसमध्ये, म्हणजे वरच्या हलक्या आवाजात, अलीकडची बरीचशी बेल्टमध्ये, म्हणजे चेस्ट व्हॉइस, खालचा भरदार आवाज, वर चढवत नेऊन बोलल्यासारखं खणखणीत. तेरा-चौदाच्या पोरींना सगळं बेल्टच करायचं असतं कारण यूट्यूबवर तेच ऐकतात, आणि ही त्यांना दोन्हींच्या मधल्या मिक्सवर आणते, मग रडारड, मग आईचा मला फोन. मुलगे वेगळेच, आज मुलींइतका उंच आवाज आणि उद्या तो फुटला की गाणंच बदलायचं.

पण शिकवून झालं की गायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. रेसायटल, म्हणजे विद्यार्थ्यांचा गाण्याचा कार्यक्रम, नसेल तर क्लास चालत नाही हे मी धंदा म्हणून सांगतो. पालक आठवड्याला फी भरतात ती दर आठवड्याला काही कानाला फरक कळतो म्हणून नाही, जूनमध्ये पोरगं उभं राहून गाणार आणि आजी-आजोबा व्हिडिओ बघणार म्हणून भरतात. शाळेचं ऑडिटोरियम विचारलं तर भाडं वेगळं, कस्टोडियनचा ओव्हरटाइम वेगळा, लाइटवाला त्यांचाच घ्यायचा. लायब्ररीत जागा फुकट पण पियानो नाही. एका ठिकाणी ॲडव्हान्स घेऊन ऐनवेळी लग्नाचं बुकिंग घेतलं आमच्या डोक्यावर. शेवटी कुणीतरी म्हणालं, चर्चला विचारा.

अमेरिकेतल्या छोट्या गावांत चर्चचं हे बरं असतं, पियानो असतो, बसायला बाकं असतात, पार्किंग असतं, आवाज माईकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि शनिवारी दुपारी कुणी नसतं. आमचं चर्च मेथडिस्ट पंथाचं, पास्टर बाई आहेत, फार मोकळ्या. पण ट्रस्टींची यादी मोठी होती. लायबिलिटी इन्शुरन्स दहा लाख डॉलरचा, त्यात चर्चचं नाव जोडलेलं. वेदी हलवायची नाही. दारू नाही. खाणं फक्त खालच्या हॉलमध्ये. गाण्यांचे शब्द आधी पाठवायचे, हे मला तेव्हा जाचक वाटलेलं पण शो ट्यून्समध्ये नाइटक्लबातली, नवरा-बायको एकमेकांना शिव्या घालणारी अशीही भरपूर आहेत, त्यामुळे बाईंचं बरोबर होतं, आणि बारा वर्षांच्या मुलीला काय द्यायचं नाही हे मला पालकांना सांगायला आयतं कारण मिळालं. आमच्या लोकांचे प्रश्न वेगळे. चपला काढायच्या का? प्रसाद असतो का? एक आजी आत आल्या, क्रॉसला नमस्कार केला, बाकावर मांडी घातली आणि पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढली, वर खाणं चालत नाही हे त्यांना सांगायची माझी काही हिंमत झाली नाही.

आता कायद्याचं, कारण हा भाग कुणी सांगत नाही आणि क्लास काढणाऱ्याला लागतोच. चर्चमध्ये उपासनेच्या वेळी गाणं म्हटलं तर अमेरिकन कॉपीराइट कायद्यात त्याला सूट आहे. आमचं शनिवारचं रेसायटल ही उपासना नाही, जागा चर्चची असली तरी सूट मिळत नाही. मग गीतकार-संगीतकारांच्या वतीने गाणी सादर करायची परवानगी देणाऱ्या ॲस्कॅप, बीएमआय या संस्थांची लायसन्स बघायची. त्यातही ती लायसन्स सुट्या गाण्याला चालतात. त्याच गाण्याला पात्राचे कपडे घातले, मधले संवाद घातले, एकाच नाटकाची चार गाणी ओळीने कथा सांगत लावली की ते नाट्यप्रयोगात धरतात आणि त्याचे हक्क निराळे, ते नाटकाच्या हक्कवाल्यांकडूनच घ्यावे लागतात. म्हणून आमच्याकडे सगळे साध्या कपड्यांत आणि एका नाटकाचं एकच गाणं, पालक दरवर्षी विचारतात कॉस्च्युम का नाही, मी दरवर्षी हेच सांगतो. जुनी गाणी 95 वर्षांनी मोकळी होतात, 1927 चं शो बोट हे म्युझिकल 2023 ला झालं, 1929 पर्यंतची 2025 च्या 1 जानेवारीला. तशी दोन-तीन आम्ही ठेवतोच.

2020 मध्ये सगळं बसलं. 12 मार्चला ब्रॉडवे बंद झालं. त्याच्या दोनच दिवस आधी वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन गावी एका कॉयरची, म्हणजे समूहगान मंडळाची, तालीम झाली होती, तीही चर्चमध्येच, 61 जण होते, त्यातल्या 53 जणांना कोविड झाला किंवा झाल्याची दाट शक्यता होती, दोघं गेले. ती बातमी आली आणि गाण्याचा क्लास ही जगातली सगळ्यात धोक्याची गोष्ट होऊन बसली. झूमवर शिकवलं, पण झूमवर पियानो आणि गळा एकत्र येत नाहीत, आवाज मागेपुढे होतो, त्यामुळे ही पियानोचा ट्रॅक रेकॉर्ड करून पाठवायची आणि मुलं तिकडे लावून गायची. निम्मी मुलं गळाली. जी राहिली त्यांच्या जिवावर आज स्टुडिओ उभा आहे.

रेसायटलच्या दिवसाबद्दल एक सांगतोच. पियानोवर आमचे शाळेतून रिटायर झालेले एक म्युझिक टीचर असतात. त्यांची अट एकच, कागद तीन रिंगांच्या फाइलमध्ये, पाठपोट छापलेले, म्हणजे पान कमी वेळा उलटावं लागतं. सुट्टे कागद आणले तर तोंडावर परत करतात. मागच्या वेळी एक छोटी मुलगी दुसऱ्या कडव्याला शब्द विसरली, उभी राहिली नुसती. पियानोवाल्यांनी तेच दोन बार फिरवत ठेवले, तबलजी ठेका धरून बसतो तसे, आणि खालच्या आवाजात तिला पहिला शब्द दिला. तिने धरला आणि पुढे गेली. मागच्या बाकांवरच्या कित्येकांना वाटलं गाणंच तसं आहे. ट्रॅक लावला असता तर ट्रॅक पुढे निघून गेला असता. म्हणून पियानोवाल्याचे पैसे हा खर्च मी कधी कापत नाही, बाकी सगळीकडे चिकटपणा करतो.

आता वर्षात दोन रेसायटल होतात, चर्चला भाडं देतो आणि वर पियानोही ट्यून करून देतो. मोठी माणसंही शिकायला येतात, त्यातल्या साठी ओलांडलेल्या एक काकू यंदा एक शो ट्यून गाणार आहेत आणि जोडीला एक नाट्यपद, पास्टर बाईंनी अर्थ विचारून होकार दिलाय. फक्त पियानोवाले म्हणाले मला ते पाच रेघांच्या स्टाफ नोटेशनमध्ये लिहून द्या आणि ताना किती बारच्या ते सांगा. काकू म्हणतात ते त्या दिवशी गळा कसा लागतो त्यावर आहे. सध्या घरी रोज रात्री हाच वाद चालू आहे, आणि प्रोग्राम छापायला मला शुक्रवारपर्यंत वेळ लिहून द्यायचीय, मी दहा मिनिटं टाकतोय.