कंडेन्सरचं वाळवण

आमच्याकडे वीज जात नाही, लाइट जाते. पंखा थांबला तरी लाइट गेली, विहिरीवरची मोटार बंद पडली तरी लाइटच गेली. म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी मी ऑफिसातून ओरडलो, "अरे, मॉनिटरची लाइट गेली!", तेव्हा वजनकाट्यावरच्या पोराने आत डोकावून ट्यूबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "लाइट तर आहे" म्हणून तो चालता झाला.

मी अमळनेरजवळच्या एका जिनिंगमध्ये जमाखर्च लिहितो. मॉनिटर २००९ सालचा, सतरा इंची. बटण दाबलं की पडदा उजळायचा, टॅलीचं पान दिसायचं, आणि एक-दोन म्हणेपर्यंत अंधार. बटणाचा दिवा मात्र हिरवागार. पुन्हा दाबा, पुन्हा दोन सेकंद. हंगाम ऐन भरात, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, खिडकीशी पावतीसाठी शेतकरी उभे, आणि मी दोन-दोन सेकंदांच्या हप्त्यांत आकडे वाचतोय. दहा-बारा वेळा चालू-बंद केलं की एकदाचा टिकायचा, मग संध्याकाळपर्यंत बिनतक्रार. थंडी जास्त असली की पंधरा-वीस वेळा. मे महिन्यात याच मॉनिटरने कधी कुरकुर केली नव्हती. पारा ४४-४५ वर असताना तो पहिल्या दाबात सुरू. गुडघे धरलेला म्हातारा उन्हात बसला की मोकळा होतो, तसलंच काहीतरी.

गावातल्या एका दुकानदाराने तो न उघडताच निकाल दिला, "पॅनल गेलं, नवा घ्या." शेठही तयार झाले. मी अडून बसलो तो एका पेनामुळे. पेन टेबलाखाली घरंगळलं, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावला, आणि उठताना उजेड तिरपा पडद्यावर पडला. काळ्या पडद्याच्या आत टॅलीचं पान जसंच्या तसं! आकडे, तारखा, खाली रात्री केलेली बेरीज. चित्र कुठेही गेलं नव्हतं. त्याच्या मागचा दिवा गेला होता.

मॉनिटर उचलला आणि नानांकडे गेलो. नाना म्हणजे रेडिओच्या जमान्यापासूनचे दुरुस्तीवाले. त्यांच्या टपरीत बसायला जागा नसते, कारण सगळ्या जागेवर उघडे टीव्ही बसलेले असतात. मागचं झाकण काढलं तर आत कापसाचा हा एवढा पुंजका. हवेच्या जाळीतून वर्षानुवर्षं रुईचे तंतू शिरून बसलेले. देवापुढे महिनाभराच्या वाती झाल्या असत्या. नानांनी तो बाजूला ठेवला. मग होल्डरला दोन वायरी लावलेला १०० चा बल्ब घेऊन सगळ्यात मोठ्या कंडेन्सरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या डब्याच्या, पायांना टेकवला. बल्ब एकदा लखकन पेटला आणि विझला. पिन काढून बराच वेळ झाला तरी त्याच्यात तीनशेच्या वर व्होल्ट बसलेले असू शकतात, म्हणून आधी त्याला रिकामा करायचा. मी खुर्ची जरा मागे सरकवली.

शिकलेली माणसं कपॅसिटर म्हणतात, नानांच्या टपरीत तो कंडेन्सर. त्यांनी बॅटरीच्या उजेडात तीन छोटे डबे दाखवले. "हाऊ काही मरेल नही, भाऊ. पोट फुगेल शे यानं." डब्यांची चपटी असायला हवी ती डोकी वर आली होती. आमच्याकडे फुगलेली भाकरी म्हणजे करणारीचं कौतुक. इथे फुगणं म्हणजे आत वायू धरला. डोक्यावर फुलीसारख्या खाचा असतात त्या याचसाठी. दाब वाढला तर तिथून उकलावं, फटाका होऊ नये.

त्या डब्यात अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि मधे द्रवात भिजवलेला कागद, अळुवडीसारखी गुंडाळी केलेली. काम पाण्याच्या टाकीचं. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, तरी घर चालतं ते गच्चीवरच्या टाकीमुळे. वीजही पॉवर सप्लायमधून हप्त्याहप्त्याने येते, कंडेन्सर ती साठवून एकसारखी पुढे देतो. पुढे असतो इन्व्हर्टर. ("मग लाइट गेल्यावर हा चालायला हवा की," असं मी म्हणालो. नानांनी चष्म्यावरून पाहिलं. हा इन्व्हर्टर वेगळा.) तो बारा-चोवीस व्होल्टचे शेकडो व्होल्ट करून पडद्यामागच्या, पेनाच्या रिफिलीएवढ्या बारीक ट्यूब पेटवतो. पेटतानाच्या क्षणी तर हजाराच्याही वर लागतात. त्या क्षणी त्याला वीज भसाभस हवी असते, आणि टाकीच्या तोटीला आमच्या बोअरच्या पाण्यासारखे क्षार धरलेले. आतला द्रव वाळला की तसंच होतं. विजेचा दाब बसतो, इन्व्हर्टरला वाटतं काहीतरी बिघडलं, आणि तो दोन सेकंदांत दिवे मालवून टाकतो. थंडीत उरलासुरला द्रवही आखडतो. दहा-बारा वेळा बटण दाबून मी दुसरं काही करत नव्हतो, कंडेन्सर शेकत होतो.

आणि वाळवला कुणी? उन्हाळ्यानेच. डब्यावर १०५ अंश छापलेलं असतं, त्या तापमानाला साधारण २,००० तास. दर १० अंश खाली आलं की आयुष्य दुप्पट, असा ढोबळ हिशेब. म्हणजे खोली २५ अंश आणि आत तापलेला डबा ६५ वर असला तर ३२,००० तास, दिवसाला दहा तास धरले तर जवळजवळ नऊ वर्षं. पण खोलीच २५ ऐवजी ४५ वर गेली तर डबाही वीस अंश चढणार, आणि नऊचे सव्वादोन होणार. वर जाळीत कापूस. वैशाखात आमच्या गच्च्यांवर पापड-कुरडया वाळत पडतात तेव्हा खाली ऑफिसात तीन कंडेन्सरही वाळत होते, एवढंच. ज्या उन्हाने त्यांना सुकवलं त्याच उन्हात ते ठणठणीत दिसायचे, म्हणून कुणाला संशय आला नाही. (सगळा दोष उन्हाचाही नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत बाजारात खराब द्रवाचे कंडेन्सर इतके आले होते, की थंड देशांतले कॉम्प्युटरही फुगलेल्या पोटांनी मेले.)

बदलायचे तीन कंडेन्सर मीच बाजारातून आणले. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, सगळं जुळवून. नानांनी एक उचलून फिरवला आणि परत ठेवला. "८५ ना शे. थंडा मुलूखमा चाली जाई हाऊ, आठे नही." मी व्होल्ट पाहिले होते, अंश पाहिले नव्हते. मग जळगावहून १०५ चे आले. पांढऱ्या पट्टीची बाजू वजाकडे, सहा टाके सोल्डरचे, आणि खर्च तिघांच्या चहा-भज्यांएवढा. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन थंडीत पहिल्या दाबात पडदा उजळला तो उजळलाच. मी सवयीने आणखी एकदा बटण दाबलं आणि बंद केला.

परवा सरकीच्या गोदामात गेलो होतो. पोत्यांमागे भंगारात काढलेले दोन मॉनिटर पडलेत, त्यांची आठवण झाली. एकाला वायर जोडली. दोन सेकंद उजेड, मग अंधार. टॉर्च तिरपा धरला, तर आत एक लहानशी चौकट इकडून तिकडे तरंगत होती: नो सिग्नल.

नानांना फोन लावला. ते म्हणाले, "लई ये. पन ८५ ना कंडेन्सर नको आनू."